घोंगड्या डोंगरावरून माहेर

२००३ सालच्या फाल्गुनात, एका मंगळवारी सकाळी, भिमाजी घोंगड्या डोंगराच्या माथ्यावर पोचला, उत्तरेकडे तोंड करून उभा राहिला आणि मटकन खाली बसला. समोरची बोडकी जागेवर नव्हती.

बोडकी म्हणजे पलीकडच्या खोऱ्यातलं एक टेकाड. झाड नाही, झुडूप नाही, म्हणून बोडकी. शेळी चुकते, म्हैस चुकते, जत्रेत म्हातारं माणूस चुकतं, पण टेकाड चुकल्याचं कोणी ऐकलेलं नाही. भिमाजीनं डोळ्यांवरचा काळा चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि परत लावला. मोतीबिंदू काढून दीड महिना झाला होता आणि त्यानंतर तो आज पहिल्यांदाच डोंगर चढला होता. त्याला वाटलं, डॉक्टरनं काहीतरी घोळ घातला, डोळ्यात नेमकी बोडकीएवढी जागा झाकून टाकली. त्यानं एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला. मान वळवून पाहिलं तर उजवीकडे रामशेज किल्ला जिथल्या तिथं होता. लांब उत्तरेला सप्तशृंगीची रांग होती. बोडकीच्या जागी मात्र पांढराफटक खड्डा होता, त्यातून धुरळा वर चढत होता आणि एक पिवळं यंत्र आपलं तोंड जमिनीत खुपसत होतं.

खडीसाठी टेकाड फोडून नेलं होतं. पुरतं नेलं होतं. सुरुंगांचे आवाज त्याला चार वर्षं ऐकू येत होते, पण कोणीतरी विहीर खोदतंय, असं तो धरून चालला होता. घोंगड्या मध्ये उभा असल्यानं गावातून पलीकडचं काही दिसत नाही, आणि डोंगरावर जाणाऱ्यांपैकी कोणी भिमाजीला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण? जो माणूस दर मंगळवारी वर जाऊन चारही दिशा बघतो, त्याला बोडकी गेली हे काय सांगायचं?

इथं जरा थांबून या भिमाजीबद्दल सांगायला हवं, नाहीतर तो टेकाड गेल्याचं एवढं मनाला का लावून घेत होता ते कळायचं नाही.

नाशकातून पेठ रस्त्यानं निघालं की थोड्या अंतरावर हिरडवाडी लागते. माळ्यांची वस्ती. झेंडू, शेवंती, गुलाब, कडेनं थोडी मेथी-कोथिंबीर, आणि पहाटे सगळं पंचवटीच्या बाजारात. गावाच्या पाठीशी घोंगड्या. पावसाळ्यात ढग अंगावर घेऊन बसतो म्हणून त्याचं हे नाव. उगाच मोठेपणा करायचा तर डोंगर म्हणायचं, एरवी जोर लावून चाललं तर अर्ध्या तासात माथा. पण वर गेल्यावर भलाभला माणूस गप्प होतो. खाली सगळं नाशिक पसरलेलं दिसतं, पश्चिमेला गंगापूर धरणाचं पाणी चकाकतं, त्याच्या मागं अंजनेरी आणि ब्रह्मगिरी निळे दिसतात. अर्ध्या तासाच्या चढाला एवढा मोबदला कुठं मिळत नाही.

माथ्यावर देवीचं लहानसं देऊळ, देवळापुढं दगडी दीपमाळ. आणि या जागेवर हिरडवाडीची एक रीत होती, जी आजूबाजूच्या कुठल्याच गावाला नव्हती. गावात नवी सून आली की लग्नानंतरच्या पहिल्या मंगळवारी तिला घोंगड्यावर न्यायचं. देवीची ओटी भरायची. मग मानकरी तिच्या मागं उभा राहून विचारणार, "माहेर कोणतं?" तिनं गावाचं नाव घ्यायचं. मानकऱ्यानं बोट उचलायचं आणि म्हणायचं, "त्या तिथं. डोळं भरून बघ. लांब नाय." सुनेनं "दिसलं" म्हटलं की मगच तिला खाली आणायचं. पुढं सासरी काही झालं, मन दाटून आलं, की कुठलीही सून घागर ठेवून घोंगड्यावर जाऊ शकत होती. सासूनं अडवायचं नाही, असा गावाचा शिरस्ता.

हा मान भिमाजीच्या घराण्याचा. त्याच्या बापानं पंचक्रोशीतली गावं त्याला लहानपणीच पाठ करून दिली होती. कुठल्या टेकाडाखाली कुठलं गाव, कुठल्या वडाच्या अलीकडे, कुठल्या ओढ्याच्या पलीकडे. तरुणपणी भिमाजी ती सगळी गावं पायी फिरून आला होता. येवल्याची, सटाण्याची सोयरीक असली तर गाव दिसायचं नाही हे उघडच होतं, तिथं तो दिशा दाखवायचा. पण दाखवायचा बिनचूक. त्यानं बोट उचललं की पोरींच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि ते पाहून भिमाजीची छाती नाही म्हटलं तरी इंचभर फुगायची.

मानाला एक अट होती. मानकरी डोळस पाहिजे. दिसेनासं झालं की मान दुसऱ्या घरात, म्हणजे चुलतभाऊ यादवच्या घरात जाणार. आणि यादव त्या मानाकडे कित्येक वर्षं डोळे लावून बसला होता.

भिमाजीला १९९४-९५ च्या सुमारास कमी दिसायला लागलं. आधी फुलांचे रंग फिके झाले, मग माणसांचे चेहरे पुसट. ९७ उजाडता उजाडता उजेड आणि सावली, एवढंच उरलं. एखाद्यानं सरळ सांगितलं असतं, दिसत नाही बाबा. भिमाजीनं नाही सांगितलं. बाजाराचं काम मुलगा ज्ञानेशवर सोपवलं, "माझं आता वय झालं" म्हणून मोकळा झाला. डोंगराची वाट पायांना पाठ होतीच. बायको नवसाबाई फुलांची परडी घेऊन पुढं चालायची आणि तो तिच्या पावलांच्या आवाजावर चालायचा. ही गोष्ट दोघांनी कधी तोंडानं बोलून दाखवली नाही.

राहिलं बोट. त्याची तोड त्यानं स्वतःच काढली. दीपमाळेच्या एका दगडाला कमरेच्या उंचीवर देवळी होती, पणती ठेवायचा कोनाडा. ती नेमकी उत्तरेला तोंड करून होती. डावा हात मागं नेऊन बोटं देवळीत घातली की आपलं तोंड उत्तरेला हे पक्कं. मग उजव्या अंगाला रामशेज, डाव्या खांद्यामागं त्र्यंबकचे डोंगर, सगळं मनात जागच्या जागी. दीड वर्षात सहा सुनांना त्यानं असं माहेर दाखवलं, आणि एकही चुकलं नाही. स्वतःच्या हुशारीवर तो खूश होता. लबाडी आणि हुशारी यांत फार अंतर नसतं, पण हे त्याला तेव्हा कोण सांगणार?

आता परत त्या मंगळवारी येऊ.

भिमाजी खाली बसला होता. नवसाबाई देवळात दिवा लावत होती. तेवढ्यात पायवाटेनं छाया वर आली, कडेवर तीन वर्षांची पल्लवी. छाया म्हणजे अक्काबाईची सून, चंदरची बायको. हडकुळी, मुकी म्हणावी इतकी कमी बोलणारी. ती दर मंगळवारी वर येते हे भिमाजीला ठाऊक होतं. तिच्या बांगड्या तो ओळखत होता. तिचा चेहरा मात्र आज पहिल्यांदा दिसला. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा ती पुष्कळ लहान होती.

तिनं पूजेचं ताट देवीपुढं ठेवलं, नमस्कार केला, पोरीला खाली उतरवलं. मग ती दीपमाळेपाशी गेली, तोंड वळवून उभी राहिली आणि हात जोडले. बराच वेळ जोडलेलेच ठेवले. ओठ हलत होते. शेजारी पल्लवीनंही आईचं पाहून हात जोडले.

भिमाजी नुसता बघत राहिला. छाया अंजनेरीकडे तोंड करून उभी होती.

तिचं माहेर बोरपाडा. तो बोरपाडा बोडकीच्या पायथ्याला, म्हणजे तिच्या पाठीमागं.

"छाया," त्यानं हाक मारली. "कोणाला हात जोडती गं? त्र्यंबकराजाला?"

"नाय तात्या." ती संकोचली. "आईला."

"आई कुठं हाय तुझी?"

"माहेरालाच हाय. बोरपाड्याला." आणि जी गोष्ट त्याला ठाऊक असायलाच हवी ती परत सांगायची म्हणून तिनं बोट उचलून अंजनेरीच्या मागच्या निळ्या डोंगरांकडे दाखवलं. "त्या तिथं. तुमीच दाखवलं ना."

  दीपमाळेचा आधार घेत भिमाजी उठला आणि सवयीनं डावा हात मागं नेला. बोटं देवळीत गेली. त्यानं वळून पाहिलं. देवळी उत्तरेला नव्हती. देवळी अंजनेरीकडे तोंड करून होती.

१९९८ च्या उन्हाळ्यात देवळाचा जीर्णोद्धार झाला होता. नवी फरशी, पत्र्याचा मंडप. मंडपाला जागा हवी म्हणून दीपमाळ उतरवून दहा पावलं बाजूला परत रचली होती. गवंड्यानं दगडावर दगड ठेवले, त्यात देवळीचा दगड फिरवून बसवला. त्याच्या लेखी दगड तो दगड, कोनाडा कुठल्या अंगाला का असेना. दीपमाळ हलवल्याचं भिमाजीला माहीत होतं. दगड फिरल्याचं त्याला कोणी सांगितलं नाही, कारण त्या दगडावर त्याचं काय अवलंबून आहे हे जगात कोणालाच माहीत नव्हतं. आणि जीर्णोद्धारानंतर डोंगरावर आलेली पहिली सून ही छाया. त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. ऊन गालावर असतं तर त्याला गडबड कळली असती. ऊन नव्हतं. त्यानं देवळीत बोटं घातली, बोडकी मनात आणली, हात उचलला आणि म्हणाला होता, "त्या तिथं. डोळं भरून बघ. लांब नाय."

छायानंतर तीन सुना आल्या. त्यांनाही त्यानं असंच कुठंतरी दाखवलं असणार. पण त्या सणावाराला एसटीनं माहेरी जात होत्या, आपलं गाव कुठं आहे ते त्यांना कळत होतं. मानाच्या माणसाला चुकलं कसं म्हणायचं, म्हणून त्या मूग गिळून बसल्या असतील. छायाची गोष्ट वेगळी होती. छाया पाच वर्षांत एकदाही माहेरी गेली नव्हती.

लग्नात मानपानावरून वाजलं होतं. वरमाईची साडी अक्काबाईच्या मनासारखी नव्हती म्हणे. अक्काबाईनं भर मांडवात सांगितलं, व्याही स्वतः येऊन चार माणसांत माफी मागेल तेव्हाच सून माहेरी जाईल. छायाचा बाप सहादू एकदा आला. त्याला अंगणात दुपारभर बसवून ठेवलं, तांब्याभर पाणी दिलं नाही. तो उठून गेला तो परत फिरकला नाही. चंदर आईपुढं ब्र काढत नव्हता. छायाच्या हातात कधी एसटीच्या तिकिटापुरते पैसे नसायचे. पोरीच्या बारशालाही आजोळचं कोणी आलं नाही. सगळ्या हिरडवाडीला हे ठाऊक होतं, भिमाजीलाही होतं, आणि सगळ्यांनी दुसऱ्याच्या घरचं म्हणून सोडून दिलं होतं.

तरी एवढ्या वर्षांत तिला खरी दिशा कशी कळली नाही, असं कोणी विचारील. कळणार कुठून? सहादूचं कुटुंब मूळचं नांदगावकडचं. पाण्यापायी इकडं आलं आणि बोरपाड्याला द्राक्षांच्या बागांत कामाला राहिलं. जुन्या पायवाटा त्यांना माहीत नव्हत्या. मध्ये नदी, तिच्यावर पूल नाही, म्हणून गाडीरस्ता दिंडोरीवरून नाशकात आणि तिथून पेठ रस्त्यानं इकडं. लग्नाच्या टेम्पोत मागं ताडपत्रीखाली बसून, ओकाऱ्या काढत काढत छाया सासरी आली होती. तिला वाटलं, आपण फार लांब आलो. त्यानंतर चौथ्या दिवशी एका म्हाताऱ्यानं बोट करून ते लांबपण दाखवलंही. ओळखीची बोडकी तिला कधीतरी दिसली असती, तर तीही वर्षावर्षाला झिजत गेली.

"तात्या, काय झालं?" छाया विचारत होती. "चक्कर आली का?"

नवसाबाई पाणी घेऊन बाहेर आली. भिमाजीनं पाणी घेतलं नाही. त्यानं आयुष्यात बायकोसमोरही जे म्हटलं नव्हतं ते एका परक्या घरच्या सुनेला सांगितलं.

"मला तवा दिसत नव्हतं, पोरी. काहीच दिसत नव्हतं. मी चुकीचं दाखवलं."

छायाला कळेना. ती नवसाबाईकडे बघायला लागली. नवसाबाईनं मान खाली घातली.

"मला ठावं होतं," नवसाबाई म्हणाली. "ह्यांना दिसत नाय हे ठावं होतं. पण बोट चुकलं हे नव्हतं ठावं. मी दर मंगळवारी हिला अशी उभी बघती. मला वाटलं, त्र्यंबकराजाला हात जोडती."

भिमाजीनं छायाचा खांदा धरला नाही, तशी रीत नाही. तो तिच्या मागं जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "माघारी वळ." ती वळली. तिचं तोंड उत्तरेला झालं. आता नेहमीप्रमाणे माहेर कोणतं म्हणून विचारायला हवं होतं, पण ते त्यानं विचारलं नाही. त्यानं सरळ बोट उचललं. 

"तो पांढरा खड्डा दिसतो? तिथं बोडकी होती. तुमची बोडकी. फोडून नेली. त्याच्या अलीकडं हिरवं दिसतंय त्या द्राक्षांच्या बागा. बागांच्या कडंला चिंचेची तीन झाडं. झाडांखाली कौलं दिसतात बघ, सात-आठ घरं. ते बोरपाडा."

छाया बघत राहिली. चेहऱ्यावर काही हललं नाही. भिमाजीनं आयुष्यात कितीतरी सुनांना माहेर दाखवलं होतं, पण त्यांचे चेहरे मागून दिसत नाहीत. आज तो बाजूला सरकून बघत होता. आधी तिची नजर खड्ड्यावर गेली, मग बागांवर, मग चिंचांवर येऊन थांबली. तिनं चिंचा मोजल्या. बोटानं हवेत तीन वेळा टोचून मोजल्या.

"तिसरीला वीज पडली होती," ती म्हणाली. "अर्धीच हाय."

"व्हय. अर्धीच हाय."

"मग ते आमचंच घर." आणि मग, "इतकं जवळ?"

कुणी कानफटात मारावी तसा तो प्रश्न भिमाजीला लागला. तिनं रागानं विचारलं असतं, शिव्या घातल्या असत्या, तर त्याला सोसलं असतं. ती खरोखरच विचारत होती. पाच वर्षं ती निळ्या डोंगरांना हात जोडत होती आणि आई पाठीमागं, दोन तासांच्या वाटेवर होती.

"पायी जाता येतं?" तिनं विचारलं.

"पलीकडच्या अंगानं वाट उतरती. खाली नदी. आता पाणी घोट्याएवढं आसंल. पोर कडेवर आसंल तर दोन तास धर."

"वाट चुकायची?"

"नाय चुकायची. ओढा धरून जायचं. मी येतो संगं."

"नको," छाया म्हणाली. "तुमचा डोळा कच्चा हाय. चढ-उतार करू नका."

तिनं पल्लवीला उचललं. पदर खोचला. देवळातून पूजेचं ताट आणून नवसाबाईच्या हातात दिलं. "एवढं घरी द्या. सासूबाईंना सांगा, छाया माहेराला गेली." एवढं बोलून ती पलीकडच्या वाटेला लागली. तिनं परवानगी मागितली नाही आणि निरोपही घेतला नाही. भिमाजी आणि नवसाबाई दोघंही जागच्या जागी खिळून राहिले. या पोरीचा एवढा आवाज त्यांनी याआधी कधी ऐकला नव्हता.

भिमाजी दुपारपर्यंत तिथून हलला नाही. उन्हानं नव्या डोळ्यातून पाणी गळत होतं तरी तो खाली बघत राहिला. छायाचं हिरवं लुगडं करवंदीच्या जाळ्यांत दिसेनासं व्हायचं आणि खालच्या अंगाला परत दिसायचं. नदीच्या वाळूत ती थांबली, पोरीला पाणी पाजलं असावं. मग पाण्यातून पलीकडे गेली. पुढं बागांची हिरवाई होती आणि तिच्यात ते लुगडं मिसळून गेलं.

"आता चला," नवसाबाई म्हणाली. "ताट द्यायचंय."

अक्काबाईनं अंगणातच ताट पाहिलं आणि तिचा आवाज चढला. सून कुठं आहे, नात कुठं आहे, कोणाला विचारून गेली, कोणी पळवली. बघता बघता शेजारपाजार गोळा झाला. यादवही आला. चंदर दारात उभा होता.

"बोरपाडा काय हितं हाय?" अक्काबाई म्हणाली. "नाशकाला जाऊन दोन एसट्या बदलाव्या लागतात. तिला वाट कोणी सांगितली?"

"मी दाखवली," भिमाजी म्हणाला.

"तुमी कशाला दाखवायची?"

"माझा मान हाय म्हणून दाखवली. पाच वर्षांमागं दाखवायला पायजे होती. तवा मला दिसत नव्हतं. सत्त्याण्णव सालापासून दिसत नव्हतं. तुमच्या सगळ्यांसमोर आंधळा उभा राहून मी बोट करत होतो."

 अक्काबाईसुद्धा गप्प झाली, आणि हे हिरडवाडीत त्याआधी कोणी पाहिलेलं नव्हतं. भिमाजी यादवकडे वळला. "मान तुझ्या घरात घे. तुला दिसतंय. उद्या वर जाऊन चारी दिशा नीट बघून घे, बोडकी ऱ्हायली नाय." इतकी वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला होता, पण यादव नुसता मान हलवत राहिला. 

आठवडा गेला. छाया आली नाही. अक्काबाई रोज दारात उभी राहून पेठ रस्त्याकडे बघायची, कारण तिच्या लेखी येणारं माणूस त्याच बाजूनं येणार. भिमाजीला रात्री झोप लागत नव्हती. पोरगी वाटेत पडली असेल, नदीला पाणी आलं असेल, बापानं दारातून परत पाठवलं असेल. तो स्वतःला शिव्या देत होता आणि नवसाबाई त्याला भाकरी खायला लावत होती.

पुढच्या मंगळवारी तो वर गेला तेव्हा यादव आधीच तिथं होता, नव्या मानाच्या घरचा म्हणून देवळात झाडलोट करत. थोड्या वेळानं पलीकडच्या वाटेनं माणसं वर आली. पुढं खांद्यावर पल्लवीला घेतलेला सहादू. मागं छाया, नव्या लुगड्यात. आणि तिच्या मागं धापा टाकत एक बाई, छायाची आई सावित्रीबाई. ते लेकीला पोचवायला निघाले होते. अक्काबाईपुढं काय बोलायचं ते सहादूनं वाटेत ठरवलेलं दिसत होतं, कारण तो पुटपुटत होता.

भिमाजी पुढं झाला. माफी मागायची म्हणून त्यानं हात जोडले, पण सावित्रीबाईचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. ती दीपमाळेपाशी उभी राहून खाली हिरडवाडीची घरं बघत होती. मग तिनं वळून आपण आलो ती वाट पाहिली, चिंचा पाहिल्या. परत हिरडवाडीकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरत गेला.

"ह्या डोंगराला तुमी काय म्हणता?" तिनं विचारलं.

"घोंगड्या."

"आमच्याकडं ह्याला पालथा डोंगर म्हणत्यात." ती खाली बसली. "छाया सांगत होती, पण बघेस्तोवर खरं वाटलं नाय. माझ्या परसातून हा समोर दिसतो. रोज सकाळी ह्याच्याकडं तोंड करून मी भांडी घासती. पाच वर्षं मी ह्या डोंगराकडं बघून रडत होती, आन् लेक ह्याच्याच मागं होती."

छाया आईच्या शेजारी बसली. भिमाजीचे हात तसेच जोडलेले राहिले. यादवनं झाडू ठेवला आणि पाण्याची कळशी आणायला गेला.